मॅग्नेशियमचे बळ आणि मोनाझाइटचा उरलेला वाटा

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दुर्मिळ मृदांपासून बनणारे कायम-चुंबक देशातच तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली आणि वर्षाला ६,००० टन चुंबकांची उत्पादनक्षमता उभारण्याचा संकल्प सोडला. त्या निर्णयाचे स्वागत करणाऱ्यांत मीही आहे. कारण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातल्यानंतर आपल्याकडील वाहन-कारखान्यांची जी तारांबळ उडाली ती पुणे-चाकणच्या पट्ट्यात ज्यांचे पोट कारखान्यांवर आहे त्या कोणासही वेगळी सांगावयास नको. परंतु चुंबकाला लागतात ती मुख्यत्वे निओडिमियम आणि प्रासिओडिमियम ही दोन मूलद्रव्ये, आणि आपल्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत दुर्मिळ मृदांचा जो एकूण साठा आहे त्यात या दोघांचा मिळून वाटा शेकडा पंचवीसच्या आसपासच भरतो. उरलेल्यांत सीरियम एकटे शेकडा पंचेचाळीसच्या घरात आणि लँथनम वीसच्या वर, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश माल या दोघांचाच असतो. चुंबकांचा कारखाना जसजसा जोर धरील तसतशी या दोन-तृतीयांशाची रास वाढत जाईल, हे साध्या हिशेबाने कळते. पण तिचे काय करावयाचे याचा विचार योजनेच्या चर्चेत कोठे ऐकू आला नाही. माझे म्हणणे असे आहे की, हा उरलेला वाटा, आणि तोही शक्य तेथे त्याच्या ऑक्साइड रूपातच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना बळकटी आणण्याच्या कामी लावता येतो का, याची पद्धतशीर खटपट आपण आताच हाती घेतली पाहिजे, आणि ती विद्यापीठांतील प्रबंधांपुरती न ठेवता ओतशाळेच्या भट्टीपर्यंत नेली पाहिजे.

मोनाझाइटशी आपला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. त्रावणकोर संस्थानातून जर्मनीस गेलेल्या काथ्याला चिकटून राहिलेल्या वाळूत शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला १९०९ साली हे खनिज आढळले आणि त्यामागोमाग मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर त्याचे उत्खनन सुरू झाले. त्या काळी जगाला त्यातले थोरियम हवे होते; कारण गॅसबत्तीच्या मँटलमध्ये, म्हणजे आपल्याकडील लग्नमांडवांतून आणि कीर्तनांतून ज्या बत्त्यांनी दोन-तीन पिढ्यांना उजेड दिला त्यांच्याच जाळीत, शंभरातले नव्व्याण्णव भाग थोरियमचे ऑक्साइड आणि एक भाग सीरियमचे ऑक्साइड असे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली, १९५२ साली केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला, आणि थोरियमच्या निमित्ताने हा सारा कारभार अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात गेला. या इतिहासाचा परिणाम असा झाला की, मोनाझाइटकडे आपण नेहमी कोणत्या तरी एका द्रव्यासाठी पाहिले, पूर्वी थोरियमसाठी आणि आता निओडिमियमसाठी. बाकीची द्रव्ये त्याबरोबर ओघाने येत राहिली आणि त्यांना जे गिऱ्हाईक मिळेल त्यावर समाधान मानण्यात आले.

मोनाझाइट दाहक सोड्यात शिजवून त्यातील फॉस्फेट वेगळे काढले, थोरियम बाजूला केले, की दुर्मिळ मृदांचे जे मिश्रण हाती येते त्यातून हवे तेवढेच उचलून बाकीचे जमिनीत ठेवण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. एकाच कुळातील ही मूलद्रव्ये गुणधर्माने इतकी जवळची की, द्रावकांच्या टाक्यांची लांबच लांब ओळ लावून, मिश्रण त्या टाक्यांतून पुन्हा पुन्हा फिरवून, त्यांना टप्प्याटप्प्याने विलग करावे लागते. आणि निओडिमियम शुद्ध करून घेण्याचा खर्च केला की सीरियम व लँथनम आपोआप पदरात पडतात. काचेला चकाकी आणणारी भुकटी, खनिज तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतील उत्प्रेरक, लायटरमधील ठिणगीचा खडा, असे त्यांचे काही ठरलेले उपयोग आहेत, परंतु जगभरातच पुरवठा मागणीच्या पुढे गेलेला असल्याने त्यांना भाव नाही. ज्या द्रव्याचा पृथ्वीच्या कवचातील साठा तांब्याच्या तोडीचा आहे आणि जे शुद्ध करण्याचा खर्च दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर पडणार आहे, असे द्रव्य हाताशी असताना त्याच्यासाठी मोठे आणि टिकाऊ गिऱ्हाईक शोधणे हे धातुशास्त्रज्ञांचे व शासनाचे कर्तव्यच मानले पाहिजे. ते गिऱ्हाईक मॅग्नेशियम होऊ शकेल असे मला वाटते, आणि तसे वाटण्याची कारणे भावनेची नसून रसायनाची व यंत्रशास्त्राची आहेत.

मॅग्नेशियम हा बांधकामाच्या उपयोगी पडणाऱ्या धातूंपैकी सर्वांत हलका धातू होय. एक घन सेंटिमीटर मॅग्नेशियमचे वजन १.७४ ग्रॅम, तेवढ्याच ॲल्युमिनियमचे २.७० आणि पोलादाचे ७.८५. तथापि त्याच्या अंगी दोन मोठी वैगुण्ये आहेत. एखादा धातू न तडकता कोणत्याही आकारात वळावयाचा तर त्याच्या स्फटिकांतील अणूंच्या थरांना एकमेकांवर घसरण्याच्या किमान पाच स्वतंत्र वाटा उपलब्ध असाव्या लागतात, आणि मॅग्नेशियमच्या षट्कोणी रचनेत नेहमीच्या तापमानाला सहज खुल्या असणाऱ्या अशा वाटा दोनच असतात. त्यामुळे तो थंड अवस्थेत वाकवू गेले की तडकतो. दुसरे वैगुण्य उष्णतेचे. सर्वाधिक वापरला जाणारा जो एझेड ९१ नावाचा मिश्रधातू, ज्यात शेकडा नऊ भाग ॲल्युमिनियम आणि एक भाग जस्त असते, त्याचे बळ ज्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम संयुगावर अवलंबून आहे ते संयुगच १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागते, आणि इंजिनाजवळ किंवा गिअरबॉक्समध्ये बसवलेला भाग सततच्या भाराखाली तसूतसूने ताणला जाऊन त्याचे बोल्ट सैल होतात.

या दोन्ही वैगुण्यांवर दुर्मिळ मृदांचा उतारा चालतो, हे ज्ञान नवे नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत आणि इंग्लंडात सीरियमयुक्त मिश्रणे मॅग्नेशियममध्ये घालून त्याची उष्णता सोसण्याची शक्ती वाढवण्यात आली. पुढे झिर्कोनियमने स्फटिक बारीक करण्याच्या युक्तीची त्याला जोड मिळाली, आणि विमानांच्या व हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्सची आवरणे या मिश्रधातूंची होऊ लागली. यिट्रियम व निओडिमियम असलेला डब्ल्यूई ४३ हा मिश्रधातू अडीचशे अंशांपर्यंत टिकाव धरतो. त्याच कुळातील मिश्रधातूचे स्क्रू मोडलेले हाड जोडून झाल्यावर शरीरात हळूहळू विरून जातात आणि त्यांना २०१३ पासून युरोपात मान्यता आहे. २००६ च्या कॉर्व्हेट झेड ०६ या मोटारीत इंजिन पेलणारी चौकट एई ४४ या मिश्रधातूची होती, आणि त्यातली दुर्मिळ मृदा म्हणजे बहुतांशी सीरियम व लँथनमच. आपल्या देशाला अधिक जवळचे उदाहरण बंगळूरचे आहे. जनरल मोटर्सच्या तेथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की, मॅग्नेशियममध्ये वजनाने शेकडा ०.२ इतकेच सीरियम मिसळून त्याची सळई दाबून काढली असता दाबताना स्फटिकांची जी हट्टी एकदिश मांडणी होते ती मोडते आणि तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता जवळपास तिप्पट होते. शंभर किलोत दोनशे ग्रॅम हे प्रमाण पाहता सीरियम म्हणजे मॅग्नेशियमच्या दृष्टीने केवढे प्रभावी औषध आहे, हे ध्यानी येईल.

एवढे असूनही या मिश्रधातूंचा प्रसार विमाने, शर्यतीच्या मोटारी आणि शस्त्रक्रिया यांपलीकडे फारसा गेला नाही, याचे मुख्य कारण किंमत. वेगळे केलेले द्रव्य प्रथम ऑक्साइडच्या रूपात मिळते. त्या ऑक्साइडापासून धातू बनवावयाचा तर त्याचे फ्लोराइड किंवा क्लोराइड करून वितळलेल्या क्षारात विद्युत्‌विघटन करावे लागते, किंवा कॅल्शियमसारख्या महाग धातूकरवी त्याचे क्षपण करावे लागते, आणि या एका पायरीत वीज, वेळ व कौशल्य यांचा मोठा व्यय होतो. शिवाय हा धातू बनवण्याची मोठी क्षमता आज चीनच्याच हाती आहे. तेव्हा ही पायरीच गाळून ऑक्साइड सरळ मॅग्नेशियममध्ये घातले तर काय होईल, हा प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो.

त्याचे पहिले समाधानकारक उत्तर सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून आले. तेथील संशोधकांनी २००७ च्या सुमारास यिट्रियमच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे एका मिलिमीटरचे तीस हजार भाग केले असता त्यातील एका भागाएवढे कण, आकारमानाने शेकडा एकाच्या आसपास मॅग्नेशियममध्ये विखरून पाहिले, आणि त्यांना बळ तर वाढलेले दिसलेच, पण धातूचे ताणले जाणेही सुधारलेले दिसले, ही गोष्ट विशेष. कारण बळ वाढले की ताणले जाण्याची क्षमता घटावी असा धातूंचा सर्वसाधारण अनुभव. हे का घडते याची उपपत्ती आता बऱ्यापैकी ठरलेली आहे. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतून भ्रंशरेषा सरकत असतात; वाटेत कठीण कण आडवे आले म्हणजे त्या रेषांना त्यांच्याभोवती वळसा घालावा लागतो आणि वळशागणिक अधिक जोर खर्ची पडतो. धातू गरम असताना दाबून काढला जातो तेव्हा हेच कण स्फटिकांच्या सीमा धरून ठेवतात, त्यामुळे स्फटिक वाढू न शकता बारीक राहतात, आणि स्फटिक बारीक केल्याने मिळणारा लाभ मॅग्नेशियममध्ये ॲल्युमिनियमपेक्षा बराच मोठा असतो. शिवाय थंड होताना मॅग्नेशियम जितके आकसते त्याच्या मानाने हे कण फारच कमी आकसतात, आणि त्या विसंगतीतून कणांभोवती नव्या भ्रंशरेषांचे जाळे उत्पन्न होऊन धातू आणखी कठीण होतो. उष्णतेच्या बाबतीत तर या रीतीचा फायदा उघडच आहे. एझेड ९१ मधील संयुग जेथे ढिले पडते तेथे ऑक्साइड विरघळतही नाही आणि नरमही होत नाही. निकेलमध्ये थोरियमचे ऑक्साइड आणि पोलादात यिट्रियमचे ऑक्साइड विखरून अतितप्त जागी टिकणारे धातू बनवण्याची विद्या अणुभट्ट्या व जेट इंजिने बनवणाऱ्यांना कित्येक दशकांपासून अवगत आहे, आणि कल्पक्कम व हैदराबाद येथील आपल्या संस्थांनी अशा पोलादावर स्वतःचे काम केलेले आहे.

परंतु सारी ऑक्साइडे एकसारखी वागत नाहीत, आणि आपल्या देशाच्या दृष्टीने खरी मेख येथेच आहे. मॅग्नेशियमला ऑक्सिजनची ओढ विलक्षण. पण यिट्रियमची ओढ तिच्याहूनही अधिक. म्हणून यिट्रियमचे ऑक्साइड वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये पडले तरी आपला ऑक्सिजन सोडत नाही आणि जसेच्या तसे राहते. सीरियमच्या नेहमीच्या ऑक्साइडाची गोष्ट वेगळी. त्यातील काही ऑक्सिजन मॅग्नेशियम सहज हिरावून घेते, आणि जे खालच्या पायरीचे ऑक्साइड उरते त्याच्याशी मॅग्नेशियमची जवळजवळ बरोबरी होते; लँथनमच्या ऑक्साइडाचीही मॅग्नेशियमशी अशीच जवळजवळ बरोबरी असते. म्हणजे सिंगापूरच्या प्रयोगांचा पाठ गिरवून यिट्रियमऐवजी सीरियम घातले की तेच फळ मिळेल, असे समजणे चुकीचे होईल. उलटपक्षी, ही अस्थिरता हेच एक साधन होऊ शकेल. दक्षिण कोरियातील औद्योगिक तंत्रज्ञान संस्थेने मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत कॅल्शियम धातू न घालता त्याचे ऑक्साइड, म्हणजे भाजलेला चुनाच घातला; तो चुना मॅग्नेशियमच्या ऑक्साइडापेक्षा स्थिर असूनही हळूहळू फुटला, कारण सुटणाऱ्या कॅल्शियमला ॲल्युमिनियमने लगेच आपल्या संयुगात बांधून घेतले आणि अभिक्रिया पुढे रेटली गेली. परिणामी उष्णता सोसणारे संयुग मिळाले, वितळलेल्या रसाची पेट घेण्याची प्रवृत्ती कमी झाली, आणि महाग धातूची खरेदी वाचली. सीरियम व लँथनम हेही ॲल्युमिनियमशी अशीच संयुगे बनवतात, किंबहुना एई ४४ चे सामर्थ्य त्याच संयुगांवर उभे आहे. तेव्हा चुन्याच्या बाबतीत कोरियाने जे साधले ते सीरियमच्या ऑक्साइडाच्या बाबतीत भारताने साधण्याची खटपट का करू नये, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याला जोर येतो तो अशासाठी की, चीनने एप्रिल २०२५ मध्ये ज्या सात द्रव्यांवर बंधन घातले त्यांत यिट्रियम आहे, सीरियम व लँथनम नाहीत, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये यिट्रियमचे प्रमाण शेकडा अर्धा भागही नाही. जे आपल्यापाशी नाही त्याच्या आधारावर उभी असलेली विद्या केवळ ती प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून येते म्हणून घोकत बसणे आणि जे आपल्यापाशी राशीने आहे त्याच्या अडचणी सोडवण्याचे कष्ट टाळणे, ही निवड देशाला परवडणारी नाही.

अडचणी मात्र लहान नाहीत, आणि त्या कागदावर वाचून पुरत्या समजत नाहीत. मॅग्नेशियम वितळवण्याची मूस पोलादाची असते, आणि सातशे ते साडेसातशे अंशांवर तिच्यातील रस आरशासारखा दिसावा अशी अपेक्षा असली तरी त्यावरचे वायूचे आवरण क्षणभर विरळ झाले तर पृष्ठभागावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे फुटवे येऊ लागतात आणि त्यांच्या मुळाशी डोळे दिपवणारा जाळ असतो. त्यावर पाणी मारण्याचा विचारही करता येत नाही, कारण पाण्यातील हायड्रोजन मोकळा होऊन आग भडकते. कोरडे फ्लक्स पसरून ती गुदमरवावी लागते. आवरणासाठी वर्षानुवर्षे वापरलेला सल्फर हेक्साफ्लोराइड वायू वजनास वजन कार्बन डायॉक्साइडपेक्षा वीस हजारांहून अधिक पटींनी वातावरण तापवतो, म्हणून तोही सोडावा लागत आहे. अशा रसात ऑक्साइडाची भुकटी मिसळावयाची. ती रसापेक्षा तिपटी-चौपटीने जड, तरी वरून टाकली तर खाली बुडत नाही. रस तिला भिजवत नाही, ती वरच्या मळीत अडकते आणि ओतण्यापूर्वी मळी काढताना तिच्याबरोबर बाहेर जाते. म्हणून ती आधी भाजून कोरडी करावी लागते, मॅग्नेशियमच्या किसाबरोबर कुटून तिच्या गोळ्या कराव्या लागतात, त्या दांड्याने मुशीच्या तळाशी दाबून धराव्या लागतात, आणि मग रस ढवळावा लागतो किंवा त्यात ध्वनितरंगांचे कंपन सोडावे लागते. ढवळणे कमी पडले तर कणांचे पुंजके होतात, आणि ज्या कणांनी धातूस बळ द्यावयाचे त्यांचाच पुंजका भेगेचे मूळ होतो; ढवळणे अधिक झाले तर वरची मळी आत ओढली जाते. पाव किलोच्या मुशीत जे जमते ते दोनशे किलोच्या मुशीत जमेलच असे नाही, आणि बहुधा जमत नाही.

आपल्याकडील संशोधनाविषयी माझी तक्रार आहे ती येथे. मॅग्नेशियमच्या अशा मिश्रणांवर भारतीय विद्यापीठांतून निबंधांचा वर्षाव होत असतो, आणि त्यांतील पुष्कळ काम कष्टाने व प्रामाणिकपणे केलेले असते. पण त्यांतील बहुतेकांची धाव लहान मुशीत केलेला एक ओतीव तुकडा, त्याची कठिणता, ताणण्याचे बळ, आणि सूक्ष्मदर्शकाखालची चार चित्रे एवढ्यावरच संपते. कारखानदाराला जे जाणून घ्यावयाचे असते ते निराळेच: दीडशे अंशांवर शेकडो तास भार ठेवला तर भाग किती ताणला जातो, लाखो वेळा हादरे बसल्यावर तडा कोठे जातो, एकाच मुशीतील पहिला नि शेवटचा तुकडा सारखा निघतो का, भंगार पुन्हा वितळवले तर ऑक्साइडाचे कण टिकतात की गाळात जातात. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गंजण्याचा. नेहमीच्या वापरातील धातूंत मॅग्नेशियम हे सर्वांत लवकर खारणारे आहे, लोखंड, निकेल व तांबे यांचा लवलेशही त्याला मानवत नाही, आणि शुद्धता सांभाळली तरी पोलादाच्या बोल्टला टेकलेल्या जागी ते झपाट्याने झिजते. कोकणपट्टीची खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसू न शकणारा मिश्रधातू आपल्या दुचाकीच्या उपयोगाचा नाही, मग त्याच्या बळाचे आकडे कितीही भव्य असोत. ऑक्साइडाच्या कणांनी हे खारणे कमी होते की वाढते, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, कारण कण किती सारखे पसरले यावर सारे अवलंबून असते. म्हणूनच हे काम एकट्या-दुकट्या विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत उरकण्यासारखे नव्हे.

आणखी एक बाब, जिचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. सीरियम आपले असले तरी मॅग्नेशियम कोणाचे? जगातील मॅग्नेशियमपैकी शेकडा ऐंशीहून अधिक चीनमध्ये तयार होते, आणि त्यातही शाआन्शी प्रांतातील यूलिनच्या परिसरात त्याची विलक्षण दाटी आहे. २०२१ च्या शरद ऋतूत तेथील अधिकाऱ्यांनी वीज वाचवण्यासाठी भट्ट्या बंद करण्याचे हुकूम काढताच मॅग्नेशियमचे भाव कडाडले आणि युरोपातील ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना आपल्याला मिश्रणापुरतेही मॅग्नेशियम मिळेल की नाही याची विवंचना पडली. त्या धड्यानंतर युरोपीय संघाने मॅग्नेशियमला कळीच्या द्रव्यांच्या यादीत कायम ठेवले, अमेरिकेच्या यादीतही ते आहे. आपल्या खाण मंत्रालयाने २०२३ साली जाहीर केलेल्या तीस खनिजांच्या यादीत दुर्मिळ मृदा आहेत, मॅग्नेशियम नाही. ही उणीव आहे आणि ती भरून काढली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजलेल्या डोलोमाइटावर निर्वातात सुमारे बाराशे अंशांवर फेरोसिलिकॉनची क्रिया करून मॅग्नेशियमची वाफ मिळवण्याची जी पिजन यांची रीत चीनने अंगीकारली तिला एका टनामागे दहा-अकरा टन डोलोमाइट लागते आणि कोळसा भरमसाट लागतो; तिची जशीच्या तशी नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. परंतु डोलोमाइट चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, विद्युत्‌भट्टीवर मिश्रधातू गाळण्याचा अनेक वर्षांचा अनुभव चंद्रपुरात आहे, कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्थेने विद्युत्‌विघटनाने मॅग्नेशियम काढण्याचे तंत्र पूर्वीच विकसित केलेले आहे. या तिन्हींची सांगड घालून पाहण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल की, ॲल्युमिनियम स्वस्त आहे, ओळखीचे आहे, त्याचे कारखाने उभे आहेत, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर ॲल्युमिनियमच्याच बाजूने जाईल. पण विजेवर चालणाऱ्या दुचाकीत प्रत्येक किलो वजन बॅटरीच्या आकाराशी आणि म्हणून किमतीशी बांधलेले असते. हेलिकॉप्टरातील व उपग्रहातील काही भागांत आणि रुग्णाच्या हाडातील विरणाऱ्या स्क्रूत तर ॲल्युमिनियम हा पर्याय पुरेसा नसतो. शिवाय मॅग्नेशियमचा ओतीव भाग साच्यातून लवकर निघतो, त्याची भिंत पातळ ठेवता येते, आणि लेथवर तो ॲल्युमिनियमपेक्षा सुखाने कातला जातो, हे फायदे डाय-कास्टिंगच्या व्यवसायातील मंडळी जाणतात. त्यांना हवी आहे ती खात्रीची धातुवडी, जी आज मागवली तर उद्याही त्याच गुणाची मिळेल.

तेव्हा प्रत्यक्षात काय करावे याविषयी माझी तजवीज अशी. राष्ट्रीय कळीच्या खनिजांच्या अभियानासाठी जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली असून पवईच्या आयआयटीला त्याखाली उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळालेला आहे. नागपूरला ॲल्युमिनियमवर काम करणारे जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र खाण मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कपाटांत दुर्मिळ मृदांच्या ऑक्साइडांविषयी अनेक दशकांची माहिती साठलेली आहे. या तिघांनी मिळून दोनशे किलो रस एका वेळी धरणारी एक चाचणी-ओतशाळा उभारावी, तिचा खर्च अभियानातून पडावा, आणि आलुव्याच्या कारखान्यातून सीरियम व लँथनम यांचे मिश्र ऑक्साइड तिला मागणीप्रमाणे मिळावे; ते एकमेकांपासून विलग करण्याचा खर्चही या कामासाठी आवश्यक नाही, कारण एई ४४ मध्ये ती दोन्ही द्रव्ये एकत्रच नांदतात. पिंपरी-चिंचवडच्या लहान डाय-कास्टिंग कारखान्यांना तेथे आपले साचे घेऊन येण्याची मुभा असावी आणि त्यासाठी अर्जाच्या चार-चार प्रती भरण्याची तसदी त्यांना पडू नये. संशोधन-अनुदान देताना खात्याने अशी अट घालावी की, ताणण्याच्या बळाबरोबर उष्ण भाराचा, थकव्याचा आणि मिठाच्या फवाऱ्याचा निकाल दिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानले जाणार नाही, आणि फसलेल्या ओतकामाची नोंदही यशस्वी ओतकामाइतक्याच तपशिलाने दप्तरी दाखल होऊन सर्वांना पाहता येईल. पहिल्या दोन वर्षांत दहा वस्तूंच्या मागे न लागता एकच निवडावी, विजेच्या दुचाकीच्या मोटारीचे आवरण. ते सीरियमयुक्त मिश्रधातूचे ओतावे, शंभर गाड्यांना बसवावे, त्या गाड्या जूनपासून सप्टेंबरअखेर रत्नागिरी, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या रस्त्यांवर पोस्टमन, ग्रामसेवक व आरोग्यसेविका यांच्या हाती द्याव्यात, आणि ऑक्टोबरात प्रत्येक आवरण उघडून, बोल्टाच्या भोवतालची झीज मोजून, आकडे जसे निघतील तसे प्रसिद्ध करावेत.